तीनशे सत्तेचाळिसावा भाग

वहीकाकूंच्या सगळ्या वह्यांमध्ये मिळून एकच पान खोटं होतं. ते पान वाचायची पाळी यायला सात शनिवार उरले होते, आणि नेमकी तेव्हाच ती मफलरवाली बाई लाँड्रीच्या मागच्या खोलीत येऊन बसली.

पण आधी काकूंचं सांगायला हवं, नाहीतर एका पानाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नवरा घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचणारा, स्वभावाने गरीब. सासू मात्र करडी. निघताना आईने काकूंच्या हातात एक जाड वही दिली आणि सांगितलं, "दिवसभरात जे घडेल ते देवाला सांगतेस तसं यात लिही. खोटं लिहायचं असेल तर लिहूच नकोस." काकूंनी ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं. रोज पानाच्या माथ्यावर देवाचं नाव, मग ऊन की पाऊस, कोण आलं, कोण काय बोललं, दूध नासलं की टिकलं. पहिली वही भरली, दुसरी आली. नवऱ्याशी भांडण झालं तरी त्यात स्वतःची चूक असेल तर ती आधी लिहायची. अशी बाई.

मुलगी रांगायला लागली त्या वर्षी टीव्हीवर 'मिटलेली खिडकी' सुरू झाली. आठवड्याचे पाच दिवस, दुपारी साडेतीनला. भांडी आवरलेली, पोर झोपलेली, नवरा कामावर; ती वेळच बायकांची. समुद्राकाठच्या कड्यावर एक मोठं घर, वरच्या मजल्यावर खिळे ठोकून मिटलेली एक खिडकी. एका सकाळी ती खिडकी उघडी सापडते आणि खाली बागेत धाकटी सून मरून पडलेली. खिडकी कुणी उघडली? या एका प्रश्नावर मालिका सहाशे बारा भाग चालली. घराचे थोरले मालक दिवसा तळघरात पेटीत झोपत आणि संध्याकाळी उठून पाहुण्यांच्या गळ्याकडे फार मायेने बघत. काकूंना भीती वाटायची आणि त्या भीतीची गोडीही लागली होती. रोजचा भाग त्या वहीत उतरवून काढायच्या, दुधाच्या खालोखाल.

पुढे मालिका बंद पडली. टीव्ही कंपनीने जागा वाचवायला जुन्या फिती पुसल्या आणि त्यांवर खेळांचे सामने भरले. सहाशे बारांतले एक्केचाळीस भाग काय ते उरले. बाकीचे कुठे होते? काकूंच्या वह्यांत.

हे कळलं ते लाँड्रीवाल्यांमुळे. नवरा गेल्यानंतरच्या वर्षी काकू पडदे धुवायला घेऊन गेल्या होत्या. लाँड्रीवाले कुणाशी तरी फोनवर तावातावाने बोलत होते, की 'मिटलेली खिडकी'तल्या मालकिणीचं, म्हणजे बाईसाहेबांचं, काम जुन्या नटीकडून नव्या नटीकडे गेलं ते एकशे नव्वदाव्या भागात. काकू पडद्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "एकशे चौऱ्याण्णव. आमच्याकडे त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं." लाँड्रीवाल्यांनी फोन ठेवला, दुकानाला कुलूप लावलं आणि तसेच काकूंच्या मागोमाग घरी वह्या बघायला आले.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी साडेतीनला लाँड्रीच्या मागच्या खोलीत बैठक भरते. इस्त्रीची वाफ, टांगलेले कोट, मध्ये एक लांब टेबल. काकू एका आठवड्याचे पाच भाग वाचून दाखवतात आणि मग वाद. वाद म्हणजे काय, नुसती धुमश्चक्री. पहिल्या बाईसाहेब चांगल्या की दुसऱ्या, थोरल्या मालकांचं काम करणारा नट भिंतीला टेकला की भिंत हलायची ती मुद्दाम की पुठ्ठ्याची म्हणून.

"पुठ्ठ्याचीच," ग्रंथपाल बाई म्हणायच्या. त्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, पण आपल्याला सगळं लख्ख आठवतं असा त्यांचा दावा.

"आणि भिंतीवर ती लांबुडकी सावली पडते ती? ते भूत आहे," असं दातांचे डॉक्टर म्हणायचे. ते सगळ्यांत धाकटे. मालिका चालू होती तेव्हा जन्मलेही नव्हते, म्हणून सगळ्यांत कट्टर.

"माइकची सावली हो ती, डॉक्टर! माइकची! तुम्ही किडलेला दात तरी नीट ओळखता का?"

भांडण फारच पेटलं की लाँड्रीवाले टेबलावर हात आपटायचे. "वहीत काय आहे?" काकू वाचायच्या. वाद संपायचा. वहीत आहे ते खरं, हा तिथला कायदा. कारण वहीत देवाच्या नावाखाली लिहिलेलं आहे आणि काकू खोटं लिहीत नाहीत.

आता त्या पानाबद्दल.

त्या काळी टीव्हीला लाकडी पेटी असायची, तिला सरकतं शटर आणि शटरला कुलूप. सासूबाईंना भुताखेतांची मालिका मुळीच खपत नसे. "देवाचं नाव घेणाऱ्या घरात रक्त पिणारी मढी कशाला?" असं म्हणत एका दिवशी साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली आणि डोळे मिटून जपाला बसल्या. काकू अर्धा तास त्या बंद शटरसमोर बसून होत्या. रात्री नवऱ्याने किल्ली मागून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्ववत झालं. पण वहीत मध्येच भोक राहणार होतं. तीनशे सेहेचाळीस, मग तीनशे अठ्ठेचाळीस. सासूबाई जिंकल्यासारख्या. ते काही काकूंच्या घशाखाली उतरेना. त्यांनी देवाचं नाव लिहिलं आणि खाली आपल्या मनाने भाग रचला. बाईसाहेब वरच्या खोलीत जातात. एक नवीन मोलकरीण दिवा घेऊन येते. बाईसाहेब विचारतात, खिडकी कुणी उघडली? मोलकरीण काहीच बोलत नाही, मुकी असावी. दिवा ठेवून निघून जाते.

नवीन मोलकरीण येणार हे तीनशे सेहेचाळिसाव्यात म्हटलं होतं, म्हणून तिला आणली. बोलायला काय लावावं ते सुचेना, म्हणून मुकी केली. पुढच्या भागात ती मोलकरीण दिसलीच नाही, त्यामुळे काकूंचं खोटं कुठेच अडखळलं नाही.

आणि मग चाळीस वर्षांनी डॉक्टरांनी नेमकी तीच उचलली! 'मुकी' ही थोरल्या मालकांची लपवलेली मुलगी, घराचं रहस्य तिच्या जिभेवर होतं म्हणून जीभच नाही, असा त्यांनी सिद्धान्त मांडला. छत्तीस पानांची पुस्तिका छापली आणि दवाखान्यात पेशंटांसाठी ठेवली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "मला अजून डोळ्यांसमोर दिसते ती मुकी. काय डोळे होते तिचे!" काकूंनी मान खाली घातली होती. वह्या दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा त्या पानाशी त्यांना खोकला आला होता.

ही तिसरी फेरी. आणि त्यात ही बाई.

साठीची असेल. उंच, किडकिडीत, अंगात राखाडी आखूड कोट, गळ्याला मफलर. आवाज असा घोगरा, की बोलते की कागद फाडते ते कळू नये. दुकानाच्या काचेवरची पाटी वाचून आले म्हणाली. आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न काय विचारला?

"आता कितवा भाग चालू आहे?"

"तीनशे सोळा ते वीस," लाँड्रीवाले म्हणाले.

तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे सत्तेचाळीस यायला... सातवा शनिवार."

काकूंच्या हातातला चष्मा टेबलावर पडला. सहाशे बारा भागांतून हिला बरा तोच आकडा सुचला! चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. काकूंच्या मनात त्या क्षणी टळटळीत ऊन पडलं.

दर शनिवारी ती यायची, दाराजवळच्या खुर्चीत बसायची, कोट खुंटीला लावायची, मफलर मात्र कधी काढायची नाही. डॉक्टर कुजबुजायचे, "बघा हं, मफलरखाली दोन दातांच्या खुणा असणार. थोरल्या मालकांची पाहुणी दिसते." सगळे हसायचे. काकूंना हसू यायचं नाही.

तिसऱ्या शनिवारी तर कमालच झाली. थोरल्या मालकांच्या नटाच्या केसांच्या टोपावर चर्चा चालू होती. मफलरवाली मध्येच म्हणाली, "तो डिंकाने चिकटवायचे. फार घाण वास यायचा."

सगळ्यांनी माना तिच्याकडे वळवल्या.

"वास?" लाँड्रीवाले म्हणाले. "ताई, आमच्या टीव्हीतून चित्र यायचं, आवाज यायचा. तुमच्या टीव्हीतून वासही यायचा का?"

तिने नुसतं हसून खाली बघितलं.

ती गेल्यावर चौघांनी डोकी जवळ आणली. दोन वर्षांपूर्वी एक गोडबोल्या इथे चाहता म्हणून आला होता आणि डॉक्टरांकडचा बाईसाहेबांचा सहीचा फोटो घेऊन पसार झाला होता. तेव्हापासून सगळे दुधाने तोंड पोळल्यागत ताकही फुंकून पीत.

"पाणी मुरतंय कुठेतरी," लाँड्रीवाले म्हणाले. "ही त्याचीच माणूस असणार. काकू, वह्या इथे ठेवत जाऊ नका."

"मी तर आधीच म्हणते," काकू म्हणाल्या. त्या आधी काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण आता जीभ सुटली. "तिचा तो कोट बघितलात? कुणाचा तरी काढून घातल्यासारखा. बाह्या आखूड, बटणं वेगळ्याच काळातली. बघा जरा."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, हे आपण का बोललो? उत्तर त्यांना ठाऊक होतं. सातव्या शनिवारच्या आत ही बाई इथून गेली तर बरं, एवढंच.

चौथ्या शनिवारी बैठक उठल्यावर काकू मुद्दाम तिच्याबरोबर बस स्टॉपपर्यंत चालत गेल्या. भाजीची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून त्यांनी विचारलं, "सत्तेचाळिसाव्यात एवढं काय आहे हो?"

मफलरवालीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्हीच लिहिलंय ना? तुम्हाला ठाऊक असणारच."

बस आली, ती चढून गेली. काकू तिथेच उभ्या. धमकी होती की साधं बोलणं? घरी येईपर्यंत त्यांनी ते वाक्य पन्नास वेळा उलटंपालटं केलं. प्रत्येक वेळी ते जास्तच धारदार निघालं. त्या रात्री त्यांनी वहीत लिहिलं, "गेल्या शनिवारी एका बाईबद्दल वाईट बोलले. कारण लिहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कारण लिहिलं नव्हतं.

सहाव्या शनिवारी वाचन चालू असताना लाँड्रीवाले हळूच उठले, कपडे हलवायचं निमित्त करून खुंटीपाशी गेले आणि त्या राखाडी कोटाचं अस्तर उलटवून बघितलं. आता लाँड्रीच्या धंद्यात एक रीत असते. दुसऱ्याच्या कपड्यात कपडा मिसळू नये म्हणून अस्तराच्या कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईने खूण घालतात. चाळीस वर्षं त्या खुणा वाचून वाचून लाँड्रीवाल्यांना अस्तर म्हणजे कपड्याची जन्मपत्रिका झाली होती. ते परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता.

मफलरवाली गेल्याबरोबर ते म्हणाले, "स्टुडिओची खूण आहे. चौकटीत खिडकी आणि खाली चार आकडा. मालिकेच्या कपड्यांवर हीच खूण असायची. उरलेल्या एका भागात थोरल्या मालकांची बाही उलटते ना, तिथे दिसते बघा. काकू, तुमची नजर म्हणजे नजर! तो कोट स्टुडिओतून चोरलेला आहे."

"अगंबाई!" ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"पुढच्या शनिवारी आधी तिचा जबाब. मग वाचन."

काकूंनी मान हलवली. मनासारखं होत होतं, तरी त्यांना बरं वाटेना.

सातव्या शनिवारी मफलरवाली वेळेच्या आधीच आली होती. केस नीट विंचरलेले, मफलरला इस्त्री. लाँड्रीवाल्यांनी दार लोटलं आणि उभ्यानेच विचारलं, "ताई, हा कोट कुठून आणलात?"

तिने सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. "सांगते," ती त्या फाटक्या आवाजात म्हणाली. "सगळं सांगते. पण आधी सत्तेचाळिसावा वाचा. तेवढ्यासाठीच येत होते."

"बघा! वहीवरच डोळा आहे!" डॉक्टर पुटपुटले.

"वाचा हो काकू," लाँड्रीवाले म्हणाले. "होऊन जाऊ दे."

या वेळी काकूंना खोकला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी वाचलं, बाईसाहेब वरच्या खोलीत जातात. मोलकरीण दिवा घेऊन येते. मफलरवाली खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती, ओठ किंचित उघडे, जणू आपलं नाव पुकारलं जाणार आहे. काकूंनी वाचलं, "मोलकरीण काहीच बोलत नाही. मुकी असावी. दिवा ठेवून निघून जाते."

"मुकी?" मफलरवाली म्हणाली.

"मुकी," डॉक्टर ठामपणे म्हणाले. "छत्तीस पानं आहेत त्यावर, देऊ का एक प्रत?"

"पण ती बोलली होती. एक वाक्य होतं तिला."

"अहो, मी स्वतः बघितलाय तो भाग!" ग्रंथपाल बाई उसळल्या. "ओठ नाही हलवला तिने. नुसते डोळे!"

"वहीत काय आहे?" लाँड्रीवाल्यांनी टेबलावर हात आपटला. "वहीत आहे ते खरं. चाळीस वर्षांत एक शब्द खोटा नाही त्या वहीत. देवाच्या नावाखाली लिहिलंय. विचारा काकूंना."

मफलरवालीने काकूंकडे पाहिलं. रागाने नाही, संशयानेही नाही. वाट पाहिल्यासारखं. काकूंनी डोळे वहीत घातले.

"असेल," ती बाई शेवटी म्हणाली. "वहीत नसेल तर नसेल. इतकी वर्षं झाली. मीच मनाने रचलं असेन." ती उठली, खुंटीकडे गेली, कोटाला हात लावला आणि तो तिथेच सोडला. "चोरीचा वाटत असेल तर ठेवून घ्या." आणि निघून गेली.

"सुंठीवाचून खोकला गेला," डॉक्टर म्हणाले.

काकूंची नजर खुंटीवरच्या कोटावर गेली. आपल्या एका पानाने त्या बाईला तिच्या स्वतःच्याच आठवणीबद्दल संशयात टाकलं होतं. मनाने कुणी रचलं आणि कबुली कुणी दिली! त्यांनी वही मिटली.

"मी तो भाग बघितलेला नाही," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी शटरला कुलूप लावलं होतं. ते पान मी मनाने लिहिलं. मुकी मीच केली."

ग्रंथपाल बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "काकू, तुम्ही नाही बघितला, पण मी बघितलाय ना. मुकीच होती."

"दया आली तुम्हाला तिची," डॉक्टर म्हणाले. "तुमचा स्वभावच तसा. पण म्हणून खोटं कशाला बोलायचं?"

"खरं बोलतेय मी!"

लाँड्रीवाले मात्र डोळे बारीक करून बघत होते. "मागे एकदा बस स्टॉपवर तुम्ही दोघी बोलत होतात. मी पाहिलं. काय ठरलं तुमचं? धमकावलं का तिने?" मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "आणि हे पान खोटं असेल, काकू, तर बाकीच्या सहाशे अकरांचं काय? ती खरी कशावरून?"

काकूंनी जन्मभर जे एक जपलं ते समोर टेबलावर फुटून पडलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच फोडलं होतं. "कशावरूनच नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगते एवढंच." त्यांनी वही पिशवीत घातली, खुंटीवरचा कोट हातावर घेतला आणि बाहेर पडल्या. मागून ग्रंथपाल बाईंचा आवाज येत होता, "काय डोळे होते पण तिचे!"

मफलरवाली खिळे-कुलुपांच्या दुकानावरच्या खोलीत राहते एवढं त्यांना ठाऊक होतं. जिना अरुंद. दार साखळीएवढंच उघडलं.

"आता काय राहिलं?"

"कोट आणलाय. आणि ते पान खोटं आहे. मी लिहिलं, मला ठाऊक आहे. त्या दिवशी काय झालं ते सांगा, मी लिहिते."

"कशाला? पुढच्या शनिवारी हसायला?"

"हसले तर मला हसतील. तुम्हाला हसायला उरणार नाहीत."

साखळी निघाली.

खोलीत एक खाट, एक टेबल, खिडकीत कुंडी. मफलरवालीने कोट घेतला, अस्तराचा कोपरा चाचपला आणि मांडीवर ठेवून बोलायला लागली. ती नटी वगैरे काही नव्हती. वीस वर्षांची असताना स्टुडिओत कपड्यांना इस्त्री करायच्या कामाला होती. मोलकरणीचं काम करणारी मुलगी त्या दिवशी आलीच नाही. दिग्दर्शकाने इस्त्री हातात असलेल्या हिच्याकडे बोट केलं, "तू. घाल हा कोट. घे दिवा." एकच वाक्य. पुढच्याच भागापासून मालिकेचा लेखक बदलला, नव्याला ती मोलकरीण ठाऊकच नव्हती, आणि गोष्ट दुसरीकडे वळली. कोट तिला कपडेवाल्या बाईंनी आठवण म्हणून दिला.

"आईने शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून तो भाग दाखवला. मरेपर्यंत सांगायची, माझ्या लेकीने खिडकी उघडली. आता आई नाही, फीतही नाही. आणि अकरा वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं." तिने मफलर थोडा सैल केला. खाली आडवी, जुनी खूण. "हा आवाज तेव्हापासूनचा. त्या वाक्यात माझा पहिला आवाज होता. तुमच्याकडे सगळे भाग लिहिलेले आहेत असं कळलं, म्हटलं एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकावं."

काकूंना मान वर करवेना. "वाक्य काय होतं?"

मफलरवाली ताठ बसली. हातात नसलेला दिवा तिने धरला. "खिडकी मी उघडली, बाईसाहेब. आत फार कोंदट होतं."

काकू पेन धरून तशाच राहिल्या. सहाशे बारा भाग, तळघरातली पेटी, छत्तीस पानांची पुस्तिका. "एवढंच?"

"एवढंच."

क्षणभर काकूंच्याही मनात पाल चुकचुकली, की ही तरी खरं सांगते कशावरून? मग त्यांनी जुन्या मजकुरावर रेघ न मारता खाली लिहिलं, "वरचे मी पाहिलेले नाही. खालचे ऐकून लिहिले." आजची तारीख घातली आणि वाक्य उतरवून घेतलं.

"दाखवा," मफलरवाली म्हणाली. तिने बोट ठेवून शब्दन् शब्द वाचला. तिचाही विश्वास बसलेला नव्हताच. "दिवा उजव्या हातात होता. तेही लिहा."

काकूंनी तेही लिहिलं.

पुढच्या शनिवारी बैठकीला जाऊ की नको, असं काकूंना दहा वेळा वाटलं, तरी त्या गेल्या. सगळे आले होते, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मफलरवाली दाराजवळ बसली, या वेळी कोट न काढता. काकूंनी आधी आपलं खोटं पान वाचलं, मग खालचं खरं.

"कोंदट?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा भूल दिलेल्या पेशंटसारखा झाला होता. "म्हणजे... कोंदट म्हणून?"

"मला अजून पटलेलं नाही," लाँड्रीवाले म्हणाले. पण त्यांची नजर त्या आखूड बाह्यांवरून हलत नव्हती. वीस वर्षांच्या, किडकिडीत मुलीच्या मापाच्या बाह्या.

एवढ्यात ग्रंथपाल बाईंनी एकदम टाळी वाजवली. "हो, हो, हो! आता आठवलं! बोलली होती! कोंदट म्हणाली होती! मी ऐकलंय! काय गोड आवाज होता हो तिचा!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. काकूंनी दाराकडे पाहिलं. मफलरवालीने तोंडावर मफलर ओढून घेतला होता. ग्रंथपाल बाईंना खरंच आठवलं असेल असं तिला मुळीच वाटत नव्हतं, ते तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तरी ती पुढे वाकून त्या कागद फाटल्यासारख्या आवाजात म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणा हो, बाई. कसा होता आवाज?"